जुनी ३२८आय घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. २०१२ साली आपल्याकडे आलेल्या एफ३० पिढीतील बीएमडब्ल्यू ३२८आय वापरलेली घ्यायची आणि हाती येताच तिचा रीमॅप करायचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवायची, असे तू ठरवलेले दिसते. गाडीची निवड मला मनापासून आवडली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली गाडी आज नव्या मध्यम सेडानच्या किमतीत मिळते, याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. रीमॅपविषयी मात्र माझे स्पष्ट मत आहे की, पहिले वर्षभर तो विचार बाजूला ठेवून गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या अवस्थेला परत न्यावी. दहा-बारा वर्षांच्या गाडीत सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो आणि तो पहिल्याच वळणावर हाताला जाणवतो.

गाडी पाहायला जाशील तेव्हा इंजिनापासून सुरुवात कर. या गाडीतल्या एन२० इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी, आहे आणि तिला जागेवर धरणारे गाईड प्लास्टिकचे आहेत. वयाने आणि उष्णतेने ते ठिसूळ होतात, त्यांचे तुकडे खाली ऑइल पॅनमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीशी जाऊन अडकतात. चेनने जागा सोडली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्ती करावी की दुसरे इंजिन शोधावे, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत या दोषावरून सामूहिक दावा होऊन तडजोडही झाली होती, त्यामुळे विकणारा ‘असे काही ऐकलेले नाही’ म्हणाला तरी तू तपासणी सोडू नकोस. इंजिन गरम झाल्यावर बॉनेट उघडून कोणाला तरी अॅक्सिलरेटर हळूहळू दाबायला सांग आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला कान दे. आरपीएमबरोबर चढत जाणारा बारीक, शिट्टीसारखा आवाज आला, तर चेनचे काम जवळ आले आहे असे समजावे. ऑइल फिल्टर बाहेर काढून त्याच्या घड्या बोटांनी उलगडून पाहाव्यात. त्यांत प्लास्टिकचे कण सापडले तर कितीही कमी किमतीत मिळाली तरी ती गाडी घेऊ नये. चेन, गाईड आणि ऑइल पंपाची चेन बदलल्याचे बिल ज्याच्याकडे आहे, त्याला मात्र चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

या इंजिनात डिपस्टिक नाही, ऑइलची पातळी गाडीच्या स्क्रीनवरच पाहावी लागते, आणि म्हणूनच अनेक मालक ती पाहतच नाहीत. गाडी ऑइल बदलण्याची आठवण पुष्कळ उशिरा करून देते. आपल्या वाहतुकीत आणि धुळीत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, हा नियम पाळावा आणि ऑइल कंपनीने मान्य केलेल्या प्रतीचेच असावे.

दुसरा नाजूक भाग म्हणजे कूलिंग. यातला वॉटर पंप बेल्टवर न चालता विजेवर चालतो आणि तो बहुतेक वेळा पूर्वसूचना न देता बंद पडतो. पंपाचे वय ठाऊक नसेल, तर थर्मोस्टॅट आणि पंप एकाच वेळी बदलून टाकावेत. कूलंट भरल्यावर हवा काढण्याची पद्धतही वेगळी आहे: इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करायचे, हीटर सर्वांत गरमवर आणि पंखा सर्वांत कमी ठेवायचा, मग अॅक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. त्यानंतर पंप सुमारे बारा मिनिटे आपोआप फिरून हवा बाहेर काढतो. तुझ्या मेकॅनिकला हे विचारून पाहा. त्याने न अडखळता सांगितले तर त्याच्याकडे गाडी द्यावी. बॅटरी बदलल्यावर तिची संगणकात नोंद करावी लागते, हेही त्याला माहीत असले पाहिजे.

गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ आहे असे तुला सांगितले जाईल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते, आणि मी बनवणाऱ्याचे मानतो. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असल्याने पूर्ण पॅन बदलावा लागतो, त्यामुळे खर्च थोडा मोठा दिसतो.

यानंतर सस्पेन्शन. आपल्या खड्ड्यांनी पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, आधी जातात. ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरत असेल किंवा गाडी वेगात थोडी भरकटत असेल, तर बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. बुश, शॉक अॅब्सॉर्बर आणि चारही चांगले टायर घालून, अलाइनमेंट करून खंबाटकीच्या घाटात एकदा गाडी चालव. ज्या गुणासाठी ही गाडी नावाजली गेली, तो तेव्हा तुला कळेल, आणि रीमॅपची घाईही कदाचित उरणार नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात लिहितो. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर झालेली असावी. परराज्यातील पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि महाराष्ट्रातला कर धरून हिशेब करावा. पुरात बुडालेल्या गाड्या दूर नेऊन विकल्या जातात, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेषा आहे का ते पाहा, आणि पुढच्या सीटखालचे रूळ गंजलेले नाहीत ना, याची खात्री कर. किलोमीटरचा आकडा गाडीतल्या एकापेक्षा अधिक संगणकांत नोंदलेला असतो. स्कॅनरवर ते आकडे जुळवून पाहावेत.

आता रीमॅप. वर्षभराने तुझी इच्छा कायम असेल, तर मी अडवणार नाही. पण युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेली रीमॅपची फाइल जशीच्या तशी इथे घालू नकोस. आपल्याकडे आता मिळणारे २० टक्के इथेनॉलचे नेहमीचे पेट्रोल तेवढ्या ऑक्टेनचे नसते, उन्हाळ्यात हवा तापलेली असते आणि अशा वेळी नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटणे, टाळण्यासाठी संगणक इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो, आणि वाढवलेली ताकद कागदावरच राहते. ट्यूनरकडे तुझ्याच गाडीच्या नोंदी माग: प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन किती मागे आले, आत येणाऱ्या हवेचे तापमान किती होते, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, किती. जो या नोंदी दाखवत नाही त्याच्याकडून काम करून घेऊ नये. टर्बोकडून दाबाची हवा नेणारा प्लास्टिकचा चार्ज पाइप वाढीव दाबाने फुटतो, तो आधी धातूचा बसवावा. विमा कंपनीला बदल कळवावा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत, दंडाची तरतूदही आहे, हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.

सौदा ठरण्यापूर्वी विक्रेत्याकडून चासी नंबरचे शेवटचे सात अंक आणि आजवरच्या सर्व्हिसच्या नोंदी मागून मला पाठव. त्या अंकांवरून गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आणि मुळात तिच्यावर काय काय बसवले होते, हे पाहता येते. मग तपासणीसाठी कोणते भाग आधी उघडायचे, ते आपण ठरवू.

तुझा,
जुना मार्गदर्शक