तंबू वाळूत नको

प्रश्न : जानेवारीत एका शनिवार-रविवारी कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबू लावून राहायचा बेत आहे. राफ्टिंग करायचं नाही. सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. फोटोंमध्ये नदीतली वाळूची पट्टी फार सुंदर दिसते, तिथेच तंबू ठोकला तर चालेल का? सासूबाईंना झेपेल असं चालणं आहे का? आणि मुलाला पाण्यात खेळायचंय.
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाळूत तंबू अजिबात नको. बाकीचं नंतर सांगते, आधी हे.

माझं माहेर कोलाडच्या वरच्या अंगाला. आमच्याकडे बायका धुण्याची बादली उचलण्याआधी विचारायच्या, ‘‘पाणी सुटलं का गं?’’ ही नदी पावसाळ्यानंतरही भरून वाहते ती भिऱ्याच्या वीजघरामुळे. मुळशीच्या तलावाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला आणून त्यावर वीज करतात, १९२७ पासून. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं, ते जनित्रं फिरवून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह केला, त्याच धरणाचं हे पाणी. वीज हवी तेव्हा वीजघर चालतं, आणि तेव्हा पाणी सुटतं. आभाळात ढगही नसतो आणि नदी चढते. राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं.

मी नववीत होते. धाकटी काकू नदीतल्या एका सपाट दगडावर धुणं धूत होती. तिथे जाताना पाणी घोट्याएवढं होतं. बघता बघता दोन्ही बाजूंनी धार आली आणि काकू मधोमध अडकली. दोघा जणांनी दोर टाकून तिला ओढून काढलं. धुणं गेलं, बादली गेली. ती थरथरत घरी आली ते मला आजही आठवतं, म्हणून इतकं लिहिते आहे.

पोचल्यावर आधी काठावर उभं राहून दगड बघा. ओली, काळसर रेघ कुठवर आहे? झुडपांच्या फांद्यांत गवताच्या काड्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या किती उंचीवर अडकल्या आहेत? पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. तंबू त्याच्याही बराच वर, भाताच्या खाचरात किंवा उंबराच्या सावलीत लावा. खाचर कुणाच्या तरी मालकीचं असतं, तेव्हा घरी जाऊन विचारा आणि विचारताना पाण्याची वेळही विचारा. ती रोज एकच नसते. रात्री दव एवढं पडतं की तंबू पिळून काढावा लागतो, म्हणून सासूबाईंसाठी चटईखाली जाड ताडपत्री घ्या.

चालण्यासाठी देवकुंड धबधब्याचा हट्ट या खेपेला नको. भिऱ्याहून जाऊन-येऊन सहज अर्धा दिवस जातो आणि वाट दगडाधोंड्यांची आहे. त्याऐवजी सकाळी बांधाबांधाने नदीच्या कडेने वर चालत जा, तासभर पुरे. भात कापून झालेल्या जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो, जानेवारीत शेंगा भरलेल्या असतात. पाण्यावर खंड्या, दगडांवर शेपटी हलवणारा धोबी. सासूबाईंना काठी द्या आणि पुढे चालू द्या, म्हणजे सगळे त्यांच्या चालीने चालतील.

संध्याकाळी पोपटी लावा. ही आमच्या रायगडची हिवाळ्यातली खरी मेजवानी आहे, आणि ती चुकवून परत गेलात तर मला मनापासून वाईट वाटेल. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र होऊन लगेच वाळलं की झाली. भांबुर्डा कुठला, हे गावातल्या माणसाकडूनच दाखवून घ्या. वाऱ्याची दिशा बघा, आणि निखारे पाणी ओतून विझवल्याशिवाय झोपू नका.

आता मुलाचं. ज्यांच्या खाचरात राहाल त्यांनाच जागा दाखवायला सांगा. पाणी सुटायचं नसेल त्या वेळी, काठालगत, गुडघ्याएवढ्या पाण्यात, जीवनरक्षक जॅकेट घालून, आणि तुमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर पाण्यात उभा. नदीच्या मधल्या दगडावर मात्र नाही, तो कितीही जवळ दिसला तरी. काठावरच्या एका दगडाला खडूने खूण करून द्या आणि ती बुडते का यावर त्याला लक्ष ठेवायला सांगा. आम्हा भावंडांना आईने हेच काम दिलं होतं. खूण ओली झाली की सगळ्यांनी वर यायचं.