कोरोनात शाळा ऑनलाइन होती, मग ज्यू विद्यार्थ्यांना सण पाळणं सोपं गेलं असेल ना?

नाही. तुमच्यावर राग नाही, पण अगदी हेच मला आमच्या सरांनी ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. २०२० साली दहावीत होतो. त्या वर्षी योम किप्पूर, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, रविवारी, २७ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला. सोमवारी रात्रीपर्यंत कडक उपास, पाणीसुद्धा नाही. आमची जुनी माणसं याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. पांढरे कपडे घालायचे, दार लावून आत बसायचं, बाहेरच्यांशी बोलणं नाही, फोनही नाही. आणि नेमकी सोमवारी साडेदहाला भूगोलाची चाचणी, वीस मार्कांची, गूगल फॉर्मवर.

शुक्रवारी सरांना फोन केला. ‘अरे, घरीच तर आहेस! वीस मिनिटांचं काम.’

आधी पप्पांची चिठ्ठी दिली की विषय मिटायचा. घरातच शाळा भरायला लागल्यावर गैरहजर राहायची सोयच गेली.

रविवारी सूर्य मावळायच्या आत आईने घरातले तिन्ही फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवले. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बंदच होतं (राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली), त्यामुळे पप्पा हॉलमध्ये एकटेच पुस्तक घेऊन उभे. दहा पुरुष जमले नाहीत की काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. सोमवारी पावणेअकराला बेल वाजली. वर्गातला मित्र, मास्क नाकाखाली. ‘सर म्हणतायत लिंक बंद होतेय!’ आईने दार उघडलं नाही, खिडकीतून नुसता हात हलवला. तो बिचारा पाच मिनिटं जिन्यातच उभा होता. संध्याकाळी उपास सुटला तोही शोफारच्या, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाच्या, आवाजाशिवाय. फोन चालू केला तर ग्रुपवर माझ्या नावापुढे शून्य.

शून्याचं काही वाटलं नसतं. पण पुढे बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला शंभरात तीस मार्क आले. त्यात माझा शून्य धरला गेला.

बाकी शनिवारचं म्हणाल (तो आमचा विश्रांतीचा दिवस, काम करायचं नसतं), तर तिथे मी फार शहाणा नव्हतो. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. मी मात्र शनिवारी कॅमेरा बंद ठेवून तासाला बसायचो. आजी बघायची, बोलायची नाही. गणिताच्या बाई तर न मागता रेकॉर्डिंग पाठवायच्या, तेव्हा सगळेच शिक्षक तसे होते असं नाही. आणि वर्गातल्या दोघांकडे फोनच नव्हता, त्यांच्यापुढे माझं रडगाणं काहीच नाही, हेही खरं.

तुमच्या घरी कुणी शाळेत असेल तर एवढंच करा: फोनवर बोलू नका, तोंडी ‘हो’वर विसंबू नका. जूनमध्येच सणांच्या तारखांचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २०१६ पासून महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे, तेही त्यात लिहा. ‘घरीच तर आहे’ म्हणणाऱ्याला विचारा, दिवाळीतही सगळे घरीच असतात, मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चाचणी ठेवाल का?

मित्राने नंतर ती प्रश्नपत्रिका दाखवली. पहिलाच प्रश्न, ब्राझीलची राजधानी.

ब्राझीलिया, सर.