एका तासाच्या यंत्रासाठी कोणती शाखा?

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक तुझा: परग्रहाच्या वातावरणात उतरणाऱ्या प्रोबवर, म्हणजे मोजमापं घेणाऱ्या छोट्या यानावर, काम करायचं आहे, तर बारावीनंतर रोबोटिक्सला जाऊ की एरोस्पेसला? दुसरा तुझ्या बाबांचा. तो तू अगदी शेवटी, जरा नाराजीनेच लिहिला आहेस: 'तासाभरात जळून जाणाऱ्या यंत्रावर कोणाचं पोट चालतं का, हेही विचार.' बाबांवर रागावू नकोस. प्रश्न चोख आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

आधी रोबोटिक्सचं बघू. तू या यानांना पत्रभर 'रोबोट' म्हटलंयस आणि त्यावरूनच ती शाखा तुझ्या मनात आलेली दिसते. तुझं वेड ज्याच्यापासून सुरू झालं तो, गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाचा प्रोबच घे. ३३९ किलोचं यंत्र. त्याला कॅमेरा नव्हता, हात नव्हते, चाकं नव्हती, इंजिनही नव्हतं. जुलै १९९५ मध्ये मुख्य यानाने त्याला सोडून दिलं आणि पुढचे पाच महिने तो निद्रिस्त होता; आत फक्त एक टायमर चालू. गुरूला पोचायच्या सहा तास आधी त्या टायमरने त्याला उठवलं. ७ डिसेंबरला तो सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला, पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या २२८ पट ताण सोसला, पॅराशूट उघडलं, कवच टाकून दिलं आणि सुमारे ५८ मिनिटं मोजमापं करून ती वरच्या यानाकडे पाठवत राहिला. बाहेरचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या बावीस पटींवर आणि तापमान दीडशे अंशांवर गेलं तेव्हा संदेश बंद झाले. या सगळ्यात त्याने स्वतःचं डोकं फारसं चालवलं नाही. वेग किती घटला, घड्याळ किती पुढे गेलं, मग पुढची पायरी. बस.

रोबोटिक्सच्या पदवीत जे शिकवतात, म्हणजे सांधे, पकड, वाट शोधणं, यंत्राची दृष्टी, त्यातलं फार थोडं इथे लागतं. एक अपवाद सांगायलाच हवा. शनीच्या टायटन या चंद्रावर उडत उडत जागा बदलणारं ड्रॅगनफ्लाय हे आठ पंख्यांचं यान तयार होतंय; २०२८ मध्ये प्रक्षेपण आणि २०३४ मध्ये टायटनवर, असा बेत आहे. तिथे रोबोटिक्सवाल्यांना भरपूर काम आहे. पण तेही खाली येताना बहुतेक वेळ आधी कवचात बंद आणि मग पॅराशूटला लटकलेलंच असणार. तुला जो भाग भुरळ घालतो, तो उतरण्याचा. आणि उतरण्याचं शास्त्र वेगळंच आहे.

सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.१ अब्ज ज्यूल गतिज ऊर्जा असते. टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोत जेवढी असते तिच्या अडीचशे पटींहून जास्त. ही ऊर्जा प्रोबच्या अंगात न शिरता हवेतच कशी जिरवायची, यावर माणसांची आयुष्यं गेली आहेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एच. ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं की नाक टोकदार नको, बोथट हवं. बोथट नाकापुढे हवा दाबली जाते, धक्कालहर थोडी अंतर राखून उभी राहते आणि बरीचशी उष्णता यानाला न शिवता बाजूने निघून जाते. उरते तीही भयंकरच. गॅलिलिओच्या प्रोबचं कवच १५२ किलोचं होतं, म्हणजे जवळपास निम्मं वजन. त्यातलं ८० किलोच्या आसपास जळून, वाफ होऊन गेलं. ते तसं जावं म्हणूनच बनवलेलं होतं.

ते कवच कार्बन-फिनॉलिकचं, म्हणजे कार्बनचे धागे आणि राळ यांचं. त्यासाठी लागणाऱ्या खास जातीच्या रेयॉनचं उत्पादन पुढे बंद पडलं आणि नासाला पर्याय शोधावा लागला. तो पर्याय चक्क मागावर विणतात: कार्बनच्या धाग्यांचं जाडजूड, त्रिमितीय विणीचं कापड आणि त्यात भरलेली राळ. वस्त्र-अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाची गुरू-शनीच्या कवचासाठी गरज पडते, हे कुठल्याही करिअरच्या तक्त्यात तुला छापलेलं मिळणार नाही. म्हणून मी असल्या तक्त्यांवर फार भिस्त ठेवत नाही.

आता बिघाडांबद्दल. शाखा निवडताना यशापेक्षा बिघाड जास्त उपयोगी पडतात, कारण नेमकं कोणतं कौशल्य कमी पडलं, किंवा कोणी तारून नेलं, ते त्यात उघड दिसतं.

१९६७ मध्ये सोव्हिएत व्हेनेरा ४ शुक्राच्या वातावरणात उतरता उतरता, जमीन बरीच दूर असतानाच गप्प झालं. तिथला दाब पृथ्वीच्या नव्वद पटींच्या घरात आहे हे ते बनवताना कोणाला ठाऊक नव्हतं. तरी परग्रहाच्या वातावरणातून थेट मोजमापं पाठवणारं ते पहिलं यान. १९७० मध्ये व्हेनेरा ७ चं पॅराशूट दगा देऊन गेलं आणि यान आपटलं. सगळं संपलं असं वाटलं. नंतर ध्वनिमुद्रित फिती पुन्हा तपासताना गोंगाटाखाली दबलेला, अत्यंत क्षीण असा २३ मिनिटांचा संदेश सापडला, आणि दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश ठरला. तो शोधणारी माणसं यंत्रमानव बनवणारी नव्हती. गोंगाटातून संदेश वेगळा काढणारी होती. इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचारच्या अभ्यासक्रमात 'सिग्नल प्रोसेसिंग' हा विषय असतो, मुलं ज्याला सर्वांत कंटाळवाणा म्हणतात, तो हा.

ह्युजेन्सची गोष्ट मी प्रत्येक हुशार आणि घाईच्या मुलाला ऐकवते. हा युरोपीय प्रोब कॅसिनी यानाच्या पाठीवर बसून १९९७ मध्ये टायटनकडे निघाला. यान वाटेत असताना, २००० मध्ये, बोरिस स्मेड्स या अभियंत्याने आग्रह धरून एक चाचणी करवून घेतली: ह्युजेन्स जसा संदेश पाठवेल तसाच नकली संदेश पृथ्वीवरून कॅसिनीकडे पाठवायचा. चाचणीत कळलं की कॅसिनीच्या रिसीव्हरमध्ये खोट आहे. दोन यानांमधल्या वेगाच्या फरकामुळे डॉप्लर परिणाम होतो. लहरीच्या वारंवारितेत होणारा बदल रिसीव्हर सांभाळून घेत होता, पण माहितीचे बिट येण्याच्या गतीतला बदल त्याच्या गावीही नव्हता. उतरण्याच्या दिवशी बरीचशी माहिती वाया गेली असती. रिसीव्हर दुरुस्त करणं शक्य नव्हतं, म्हणून कॅसिनीचा मार्गच बदलला आणि ह्युजेन्सला सोडण्याची तारीख पुढे ढकलली. १४ जानेवारी २००५ रोजी तो अडीच तास तरंगत खाली आला आणि उणे १८० अंशांच्या जमिनीवरूनही तासाभराहून अधिक काळ बोलत राहिला. संदेश पृथ्वीवर पोचायला ६७ मिनिटं लागत होती, तेव्हा इथून कोणी काही सुधारणं शक्यच नव्हतं.

त्याही दिवशी एक गडबड झालीच. दोनपैकी एक रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली, आणि सातशेतली निम्मी छायाचित्रं गेली. त्याच रिसीव्हरवर वाऱ्याचं मोजमापही अवलंबून होतं. ते वाचवलं पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी, ज्यांनी ह्युजेन्सचा मूळ संदेश थेट पकडून ठेवला होता.

मंगळावर २०१६ मध्ये शियापरेली हे युरोपीय यान आदळलं त्याचं कारण सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. फिरण्याची गती मोजणारा संवेदक जेमतेम सेकंदभर आपल्या मर्यादेला टेकला. त्या एका चुकीच्या आकड्यावरून संगणकाने हिशेब केला की आपण जमिनीच्या खाली पोचलो आहोत, आणि जवळपास पावणेचार किलोमीटर उंचीवर पॅराशूट सोडून दिलं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. ते म्हणतात ते आकड्यांनीही खरं आहे. शुक्राच्या वातावरणात उतरलेलं शेवटचं यान १९८५ सालचं. गुरूत उतरलेला प्रोब आजवर एकच, टायटनवर एकच. शनी, युरेनस, नेपच्यून यांच्या वातावरणात उतरण्यासाठी खास बनवलेला प्रोब अजून गेलेलाच नाही. मंगळावर वर्दळ आहे, पण तिथली हवा इतकी विरळ की तो प्रकार निराळा. शुक्रासाठीच्या दाविंची मोहिमेची निवड २०२१ मध्ये झाली आणि तिचा प्रोब उतरणार २०३० च्या दशकात. २०२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी पुढच्या दशकाचे अग्रक्रम ठरवले, त्यात युरेनसभोवती फिरणारं यान आणि प्रोब यांना मोठ्या मोहिमांत पहिलं स्थान दिलं. ती मोहीम प्रत्यक्षात येईपर्यंत आज शाळेत असलेली मुलं चाळिशीला टेकतील. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला आयुष्यात अशा दोन मोहिमा आल्या तर भाग्य समजायचं.

तेव्हा केवळ प्रोबवर पोट चालत नाही. पण हे काम करणारी माणसं केवळ प्रोबवर जगतही नाहीत. ह्युजेन्सवरचं दाबमापक फिनलंडच्या हवामान संस्थेने दिलं होतं, आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या चाकांच्या गाड्यांवरही त्याच संस्थेची दाबमापकं आहेत. तिथली माणसं एरवी पृथ्वीवरच्या हवामानाचंच काम करतात. वायूंचे रेणू वजनावरून ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर औषधनिर्मितीत, प्रदूषण-तपासणीत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रोज चालतं. कवचवाल्यांना अंतराळवीरांच्या परतीच्या कुप्या असतात, दूरसंचारवाल्यांना उपग्रह.

आणि तो तास संपला की काम संपतं, हेही खरं नाही. गॅलिलिओच्या प्रोबला गुरूत अपेक्षेपेक्षा फारच कमी पाणी सापडलं. तो योगायोगाने एका कोरड्या, ढग विरळ असलेल्या जागी उतरला होता. मग गुरूत एकूण पाणी किती, या प्रश्नावर जुनो यानाने विषुववृत्ताजवळच्या पाण्याचा अंदाज दिला तो २०२० मध्ये. मधली पंचवीस वर्षं लोक त्या ५८ मिनिटांच्या नोंदींशी झटत होते. निऑन अपेक्षेपेक्षा कमी का, यावरून गुरूच्या पोटात हेलियमचा पाऊस पडत असावा हा विचार बळावला. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन हे वायू दुर्बिणीतून असे मोजता येत नाहीत; तिथे जाऊन हवा चाखावीच लागते. प्रोब पाठवण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे, आणि त्यातलं अर्धं काम रसायनशास्त्राचं आहे.

आता शाखा. माझं मत: पहिली पदवी 'रोबोटिक्स' नावाची घेऊ नकोस. मूळ विषयाची घे. उष्णता आणि हवेचा प्रवाह खुणावत असेल तर मेकॅनिकल किंवा एरोस्पेस. एरोस्पेस घेताना अभ्यासक्रमात उष्णतावहन आणि स्वनातीत प्रवाह खरोखर शिकवतात का, की नुसतं विमानांवरच भागवतात, ते तपास. संदेशाची गोष्ट आवडली तर इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार. निऑनपाशी रेंगाळली असशील तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे उपकरणशास्त्र. हे पत्र पुन्हा एकदा वाच आणि कुठल्या परिच्छेदापाशी तुला आणखी विचारावंसं वाटलं, त्याच्यावर खूण कर. कलचाचणीपेक्षा माझा या खुणेवर जास्त विश्वास आहे. प्रोग्रॅमिंग कुठेही गेलीस तरी लागेल, त्याची वेगळी चर्चा नको.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. अवकाशयानाचं तंत्रज्ञान निर्यातबंदीच्या नियमांत येतं. अमेरिकेत कवच, दिशादर्शन असल्या अभियांत्रिकी कामात परदेशी नागरिकाला शिरकाव फार अवघड. युरोपीय अवकाश संस्था बहुतेक नेमणुका सदस्य देशांच्या नागरिकांतून करते. विद्यापीठांतल्या वैज्ञानिक गटांत, जिथे मिळालेल्या नोंदींचा अभ्यास होतो, तिथलं दार बरंच मोकळं असतं. या कारणाने विज्ञानाची वाट तुला थोडी जवळची पडू शकते, हे हिशेबात धर.

या वर्षी परीक्षेतून वेळ काढून दोन गोष्टी कर. ह्युजेन्सच्या दाब-तापमानाच्या नोंदी युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या उतरवून घे आणि उंचीनुसार आलेख काढ. दुसरं, अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि साधं दाबमापक घेऊन खोक्यात बसव, त्याला प्लास्टिकच्या कागदाचं पॅराशूट लाव आणि मोठं कोणी सोबत असताना, खाली माणूस नाही हे बघून, तीन-चार मजल्यांवरून सोड. बारा मीटरला दाब जेमतेम दीड हेक्टोपास्कलने बदलतो. तेवढा फरक तुझ्या नोंदींत दिसतो, की संवेदकाच्या खडखडाटात बुडतो? बुडत असेल तर काय करशील? त्यावर लागलेले रविवार तुला जाच वाटले की मजा, ते मला कळव; आलेख नीट आला की नाही हे मागाहून पाहू.

कॉलेज निवडताना नावाआधी प्रयोगशाळा विचार. निर्वात कक्ष, कंपन-मंच, पवनबोगदा, यांतलं काय आहे, आणि पदवीच्या मुलांना त्याला हात लावू देतात की काचेतून दाखवतात. हा प्रश्न बाबांना विचारायला सांग. ते नेमकं उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाहीत असं तुझ्या पत्रावरून वाटतं.