ब्लाउज शिवायला शिकतेय. घरी जुनं काळं पायमशीन आहे. शिवणसाहित्याचं तयार किट घ्यावं, की वस्तू सुट्या घ्याव्यात?

सुट्या घ्या. किटमधल्या छोट्या रिळांचा दोरा मशीनवर सहसा टिकत नाही आणि कात्री कापड कापण्याऐवजी चावते. तेवढ्याच पैशांत कात्री, सुया आणि दोरा या तीन गोष्टी नीट पारखून घ्या. टेप, रिपर (शिवण उसवायचं हत्यार), खडू साधे असले तरी अडत नाही.

कात्री ८ किंवा ९ इंची घ्या. शिंप्यांची १० इंची कात्री नवख्या हाताला जड जाते आणि काखेची गोलाई वेडीवाकडी कापली जाते. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यांना पुन्हापुन्हा धार लावता येते, म्हणून मी त्या सुचवेन. मात्र पाती रिव्हेटने नव्हे, स्क्रूने जोडलेली हवीत, म्हणजे ढिली झाली की आवळता येतात. दुकानात मलमलीचा तुकडा मागा आणि फक्त टोकाने कापून बघा. कापड पात्यांमध्ये दुमडलं, तर ती कात्री नको. आणि घरी आणल्यावर तिने कागद अजिबात कापू नका. कागदात भरलेल्या खनिज भुकटीने धार जाते. पेपर कटिंगला, म्हणजे कागदी नमुने कापायला, स्वस्तातली वेगळी कात्री ठेवा.

आता सुई. ‘टाके सुटतात, मशीन बिघडलंय’ अशी तक्रार असते तेव्हा आधी सुई तपासावी. घरगुती मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची गोल. पाकिटावर ‘एचए × १’ बघून घ्या. टू बाय टू, पॉपलीन, अस्तर यांना १४ नंबर. रेशमी किंवा झिरझिरीत कापडाला ११. जीन्सला १६ किंवा १८. बसवताना सुई वरपर्यंत ढकला आणि तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला ठेवा. उलटी बसली की खालच्या हूकला दोरा पकडता येत नाही आणि टाका सुटतो. साधारण ८ तास शिवण झाली की सुई बदला. शिवताना टकटक आवाज येऊ लागला, तर ८ तासांची वाट बघू नका, टोक बोथट झालेलं असतं.

दोरा घेताना हातभर उलगडून उजेडासमोर धरा. लव उठलेली दिसली, मध्येच जाड, मध्येच बारीक लागला, तर परत द्या. ती लव टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत साचते आणि टाका कधी घट्ट, कधी सैल पडतो. स्पन पॉलिएस्टर, १२० तिकिटाचा दोरा ब्लाउजला योग्य. तिकिटाचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे लक्षात असू द्या. बॉबिनलाही, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळालाही, तोच दोरा भरा. भरलेली बॉबिन तिच्या डबीत (बॉबिन केस) घालून ती केस दोऱ्याने लोंबती धरा: नुसती धरल्यावर जागेवर राहावी, हलका झटका दिला की इंच-दोन इंच खाली यावी. धडाधड घसरली, तर केसचा छोटा स्क्रू अगदी थोडा आवळा.

टेपची एक चाचणी करा: १२ इंच आणि ३०.५ सेंमी स्टीलच्या पट्टीशी जुळतात का. ताणलेल्या टेपने मापं चुकली की दोष कटिंगला दिला जातो. टाचण्या काचेच्या मण्याच्या घ्या, प्लास्टिकचा मणी इस्त्रीखाली वितळतो. रेशमावर मेणाचा खडू नको, इस्त्री लागली की तेलकट डाग उमटतो. मशीनला खोबरेल तेल तर मुळीच घालू नका, ते चिकट होऊन मशीन जड चालतं. शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेलच घाला.

सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. त्या चुण्या नंतर इस्त्रीनेही जात नाहीत. हूक घ्यायला जाताना छोटा लोहचुंबक बरोबर न्या. पितळी हूक त्याला चिकटत नाहीत. मुलामा दिलेले लोखंडी चिकटतात, आणि मुलामा गेला की गंजून पट्टीवर तांबडे डाग सोडतात.