एकच लायब्ररी निवड आणि तिथे टिकून राहा

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथन बऱ्यापैकी येतं. वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या गिटहब (कोड ठेवण्याची साइट) प्रोफाइलवर डझनावारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमध्ये सुचवलेले बदल, दिसतात. मी एका डेटा लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) टायपो दुरुस्त करून पाठवला, पण तीन आठवडे झाले तरी कोणी बघितलेलं नाही. मोठ्या लायब्ररीचा कोड उघडला की काहीच उमगत नाही. ओपन सोर्सच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या, मागे लागावं, की सरळ नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करावा? – एक विद्यार्थिनी

उत्तर : ओपन सोर्समध्ये जरूर काम कर आणि अभ्यासही सोडू नकोस. आठवड्याला चार-पाच तास नियमाने दिलेस तर दोन्ही जमेल. मित्रमैत्रिणींच्या आकड्यांकडे बघणं मात्र आजपासून बंद कर. मुलाखत घेणारा जाणकार माणूस त्यातली एखादी पुल रिक्वेस्ट उघडतो आणि विचारतो, ‘इथे नेमकं काय बिघडलं होतं?’ टायपोवर कोण किती बोलणार?

आकड्यांच्या मागे लागल्यावर काय होतं, ते २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमात, दिसलं. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळत होता. लोकांनी निरर्थक बदलांचा इतका मारा केला, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला, तिथलंच काम धरलं गेलं. असा ढिगारा उपसणारे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, बहुतेकदा नोकरी सांभाळून, बिनपगारी काम करत असतात. तुझ्या पुल रिक्वेस्टला उत्तर आलं नाही, याचंही कारण बहुधा एवढंच. एकदा नम्रपणे आठवण कर आणि पुढच्या कामाला लाग.

पुढचं काम कोणतं? तू स्वतः रोज वापरतेस ती लायब्ररी निवड. नावाजलेली असो वा छोटी, ती कशी वागायला हवी हे तुला आधीच माहीत असतं आणि ही फार मोठी शिदोरी आहे. नवख्यांसाठी सोप्या कामांवर लावलेल्या ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबलवर पुष्कळ जण टपलेले असतात. मला विचारशील तर ज्या बग-तक्रारींत (बग म्हणजे प्रोग्रॅममधला दोष) अजून कोणी बग पुन्हा घडवून दाखवलेला नाही, त्यांच्याकडे वळ.

तक्रार करणाऱ्याने दोनशे ओळींचा प्रोग्रॅम चिकटवलेला असतो. तो आपल्या मशीनवर चालव. मग एकेक ओळ काढत जा आणि बग तरीही येतो का ते बघ. शेवटी आठ-दहा ओळी उरतात आणि बग तसाच राहतो, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. जुन्या आवृत्तीत तो नव्हता असं आढळलं, तर कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा वापर. हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट ते साधारण दहा पायऱ्यांत शोधून देतं, कारण प्रत्येक पायरीला निम्मे कमिट बाद होतात. त्या आठ-दहा ओळी आणि तो कमिट इश्यूवर, म्हणजे त्या तक्रारीच्या पानावर, लिहून टाक. कोडची एक ओळही न बदलता तू मेंटेनरचे कित्येक तास वाचवलेस. या कामाला मी फार मान देतो. नोकरीत पहिल्या वर्षी नेमकं हेच करावं लागतं आणि ते सहसा कोणी शिकवत नाही.

आणि मोठा कोड आख्खा वाचायचाच नसतो. त्या आठ-दहा ओळींपासून डीबगर (प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून दाखवणारं साधन) लावून आत शिर. ज्या दोन-तीन फंक्शनांतून वाट जाते, तेवढीच समजून घे. दुरुस्ती करण्याआधी तो बग पकडणारी टेस्ट लिही आणि ती नापास होते ना, हे पाहा. मग दुरुस्ती कर. पुल रिक्वेस्ट छोटी ठेव आणि तिच्यात एकाच बगचं काम असू दे.

प्रकल्पाची ‘काँट्रिब्युटिंग’ फाइल, म्हणजे योगदान कसं द्यायचं ते सांगणारी फाइल, आधी वाच. नमपायसारख्या (पायथनमधल्या आकडेमोडीच्या) लायब्ररीला सोर्समधून बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडपासून चालू स्वरूपात आणायला, सी कंपायलर लागतो, म्हणजे पहिले काही दिवस मांडामांडीतच जातील. कुठे अडखळलीस ते टिपून ठेव. सूचना अपुऱ्या असतील तर डॉक्युमेंटेशनमध्ये तीच भर घाल. ती उणीव नवख्या माणसालाच दिसते.

एआयची मदत कोड समजून घ्यायला खुशाल घे. पण ओळ न् ओळ स्वतः समजावून सांगता येणार नाही असं काहीही पाठवू नकोस. एआयने रचलेल्या पोकळ सुरक्षा-तक्रारींबद्दल इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन असलेल्या ‘कर्ल’चे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीरपणे त्रागा व्यक्त केला आहे. अशा ठिकाणी एकदा गेलेला विश्वास परत मिळवणं अवघड असतं. रिव्ह्यूमध्ये दहा शेरे आले तर मन खट्टू करू नकोस. कोणीतरी वेळ काढून तुझा कोड वाचला आहे. प्रत्येक शेऱ्याला उत्तर दे. पटला नाही तर कारणासह तसं सांग.

सहा-आठ महिने असं काम झालं, की २००५ पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोडचा, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणाऱ्या गूगलच्या उपक्रमाचा, विचार कर. अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास घेतले जातात, निवड झाल्यास मानधनही मिळतं. बरेच प्रकल्प अर्जदाराने आधी एखादा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवलेला असावा अशी अपेक्षा ठेवतात. तोवर निवडलेल्या लायब्ररीतल्या चर्चा रोज थोड्या वाचत जा आणि आधी त्या आठ-दहा ओळींपर्यंत पोहोच.