वाचक विचारतात : पाण्याखालचा बीकन

प्रश्न : तारकर्लीजवळ स्कूबा करताना प्रवाहाने बोटीपासून दूर नेले, तर जीपीएस बीकन (संकटात आपले ठिकाण रेडिओने कळवणारे छोटे यंत्र) पाण्याखालून संदेश पाठवील का? — एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात, त्यामुळे वर आल्याशिवाय त्याला ना स्वतःचे ठिकाण कळते, ना ते कोणाला कळवता येते. वर आल्यावर अँटेना पूर्ण उलगडून आकाशाकडे सरळ धरावी. लाटांत हात खाली येतो, अँटेना पाण्यात जाते आणि संदेश तुटतो; घोटाळा तिथेच होतो. बीकन दोन प्रकारचे : ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनचा संदेश कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत भारतात बेंगळुरूच्या केंद्राकडे आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातो, तर एआयएस (जहाजांची ओळख व ठिकाण आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा) प्रकारचा बीकन आसपासच्या काही मैलांतील, एआयएस बसवलेल्या जहाजांनाच दिसतो. आपल्याकडच्या छोट्या होड्यांवर ती सोय क्वचितच असते, म्हणून मी पहिलाच प्रकार निवडेन. मात्र त्याची नोंदणी हवी, आणि साधा बीकन खोल पाण्याचा दाब सोसत नसल्याने तो असा दाब सोसणाऱ्या जलरोधक डबीत ठेवावा. शोधणाऱ्या डोळ्यांना दिसण्यासाठी हवा भरून उभी राहणारी नारिंगी नळी आणि शिट्टीही जवळ असावी. बोटीवरच्यांनी १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक पाठ करावा.