बंद गाडीतला गॅसचा फुगा पुढे का झुकतो

लेकीच्या वाढदिवसाला इंदूरच्या राजवाड्याजवळ गॅसचा फुगा घेतला, सुपर कॉरिडॉरवर गाडीने वेग घेतल्यावर आपण सगळे सीटला मागे रेललो आणि फुगा मात्र पुढे झुकला, ब्रेक लावताच मागे गेला, असं का, हे तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना कुणी एसीच्या झोताचं कारण दिलंय. एसी बंद ठेवा, काचा लावा, फुगा तसाच वागेल.

‘हवा मागे जाऊन साठते आणि फुग्याला पुढे ढकलते’ या दुसऱ्या उत्तराची दिशा बरोबर आहे. मात्र ते ऐकून मागच्या सीटवर हवेचा ढीग झाल्यासारखं वाटतं, आणि वर्गात शिकवताना मला हाच गैरसमज सगळ्यात जास्त भेटला. म्हणून थोडे आकडे मांडतो.

उभ्या गाडीत फुगा वर का जातो? त्याच्या खालच्या बाजूला हवेचा दाब वरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, दर मीटरला सुमारे १२ पास्कल. वातावरणाचा एकूण दाब एक लाख पास्कलच्या वर, त्यापुढे हे काहीच नाही. तरी एवढ्यानेच फुगा उचलला जातो, कारण एक लिटर हवा १.२ ग्रॅम भरते आणि फुग्यातला हेलियम वायू जेमतेम ०.१८.

आता गाडी ८ सेकंदांत शून्यावरून ६० किमीवर आणा. त्वरण होतं साधारण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. आतल्या हवेलाही तेवढंच पुढे रेटावं लागतं, त्यासाठी मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त हवा: दर मीटरला सुमारे २.४ पास्कल. हवा प्रत्यक्षात सरकते ती नगण्य. उभ्या फरकाचा पाचवा हिस्सा आडवा फरक, म्हणून फुग्याची दोरी ११-१२ अंश पुढे कलते. वेग सारखा वाढत राहिला तर आरशाला टांगलेला गणपती तेवढ्याच अंशांनी मागे जातो, आणि दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर दिसतात! हे मुलीला नक्की दाखवा. जणू गुरुत्वाकर्षणाची दिशाच तिरपी झाली. आइन्स्टाइनने १९०७ साली नेमका हाच धागा धरला होता: बंद डब्यात बसलेल्याला त्वरण आणि गुरुत्वाकर्षण वेगळं ओळखता येत नाही.

गवंड्याची पाणसळ गाडीत पुढे-मागे अशी सपाट ठेवली तर तिचा बुडबुडाही असाच पुढे पळतो.

फुगा पुन्हा आणणार असाल तर एक कळकळीने सांगतो. रस्त्यावरच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो, तो पेट घेतो. बंद गाडीत तो नकोच. त्याऐवजी बरणीच्या झाकणाला आतून दोऱ्याने थर्माकोलची गोळी बांधा, बरणी काठोकाठ पाण्याने भरा, झाकण घट्ट लावून उलटी धरा. गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या, बरणी मुलीच्या हातात द्या. पलासियाच्या चौकात डावीकडे वळताना तुम्ही उजवीकडे फेकले जाल आणि गोळी डावीकडे झुकेल. आधी तिलाच विचारा, कुठे जाईल म्हणून.